घासलेला नंबर

१

जुनी मोटरसायकल दारात आली की मी आधी गाडीकडे बघत नाही, आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. गाडी वडिलांची आहे, हौसेची आहे की गळ्यात पडलेली, ते तिथेच कळतं. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरून मात्र काही कळेना. त्या दातांच्या डॉक्टर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना आहे आणि माझ्या दोन दाढा त्यांनीच उपटल्या आहेत, त्यामुळे टेम्पोतून गाडी उतरवताना मी जरा दबूनच होतो.

"मेस्त्री, चासीचे कागद आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण इंजिन तिचं नाही म्हणे. नोंदणीच्या कचेरीतले साहेब म्हणाले, इंजिन कुठलं ते जाणकाराकडून लिहून आणा, मग पुढचं बोलू. तर मला एवढंच सांगा, हे इंजिन कोणाचं?"

"कोणाचं नाही, कुठलं."

"तेच ते. तुम्ही दाढ म्हणा, मी दात म्हणते."

भंगारवाल्याच्या गोदामात त्यांना ती गाडी दिसली होती आणि नजर हटेना म्हणून घेतली. यापलीकडे कारण नव्हतं. इंजिन जॅम होतं, किक जागची हलत नव्हती. कित्येक वर्षांत ते चालू झालं नसणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

माझं वर्कशॉप घराच्या मागच्या अंगाला आहे. एक लांबट खोली, वर पत्रे, मधोमध टेबल. गल्लीकडे शटर, स्वयंपाकघराकडे दार आणि दाराशेजारी धुरकट काचेची खिडकी. मी इंजिन चासीतून सोडवून टेबलावरच्या लाकडी घोडीवर बसवलं आणि बाकीच्या कामाला लागलो.

चारच्या सुमाराला आवाज आला. टिंक.

हा आवाज मला आईच्या हाकेइतका ओळखीचा आहे. लांबून आलेली गाडी बंद केली की तापलेला धातू निवताना असा टिकटिकतो. आधी भराभर, मग थांबत थांबत. मी सवयीने शटरकडे पाहिलं, कोण गाडी लावून गेलं म्हणून. गल्लीत कोणी नव्हतं.

टिंक. टिंक.

आवाज टेबलावरून येत होता. पत्र्यावर दिवसभर ऊन होतं, त्याने इंजिन तापलं असणार, आता उतरत्या उन्हात निवतंय. स्वतःला हे सांगून मी हात धुतले आणि घरात गेलो.

२

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

इंजिन ओळखायचं म्हणजे अनोळखी माणसाला चार प्रश्न विचारण्यासारखंच असतं. सिलिंडरवरच्या पात्या मोजायच्या. झाकणांचे स्क्रू मोजायचे. आटे कुठल्या मापाचे ते बघायचं. किक कुठल्या बाजूला, तेल कुठून आत जातं, कुठून बाहेर येतं. मी वही घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात डोकं धरलं. सिलिंडर एका कंपनीचा, उजवं झाकण दुसऱ्या कंपनीचं, वरचं हेड तिसरीकडचं. खालचा सांगाडा मात्र एका अगदी साध्या, एके काळी गल्लोगल्ली दिसणाऱ्या गाडीचा. त्यावरच्या सपाट पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. तिथे कोणीतरी कानस मारून सगळं साफ केलं होतं.

बायको अकराचा चहा घेऊन आली. टेबलाकडे बघून म्हणाली, "लागला का पत्ता?"

"चार घरची माणसं एका छपराखाली नांदताहेत."

"मग भांडत असतील," असं म्हणून तिने, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून, कप इंजिनाच्या सपाट माथ्यावर ठेवला आणि ती गेली.

वीस मिनिटांनी मी कप उचलला. एरवी माझा चहा नेहमी निवतो. हा चटका बसेल इतका गरम होता.

मी इंजिनावर तळहात टेकवला. कोमट म्हणावं तर कोमट नव्हे. दोन-तीन मैल जाऊन आलेल्या गाडीचं असतं तेवढं गरम होतं. बाहेर गार वारा सुटला होता. शेजारी ठेवलेलं दुसरं इंजिन दगडासारखं थंड होतं.

माणूस साठीला टेकला की त्याच्या हाताचा भरवसा धरू नये, मी मनात म्हटलं. बधिर बोटांना काय, थंडही गरम लागतं. पण कप? कपाचं उत्तर मला सापडलं नाही, म्हणून मी तो प्रश्नच सोडून दिला आणि भिंग घेऊन पुन्हा घासलेल्या पट्टीवर वाकलो.

कानशीचे ओरखडे एका बाजूला कललेले होते. उजव्या हाताचा माणूस घासतो तेव्हा ते तसे कलत नाहीत. हे काम डावखुऱ्या माणसाचं होतं.

भिंग माझ्या डाव्या हातात होतं.

३

घासलेला नंबर पूर्णपणे जात नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आकडा ठोकताना खालचा धातू दबतो. वरून कितीही घासलं तरी ते दबलेपण आत राहतं. त्यावर सौम्य तेजाबाचा बोळा फिरवला की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळा खाल्ला जातो, आणि ओलं असेपर्यंत आकडा फिकट दिसतो. सुकलं की जातो.

मी बोळा फिरवला. मला ते करायचं नव्हतं. ओरखडे बघितल्यापासूनच मला ते करायचं नव्हतं. पण हात आपलं काम करत राहिला.

आधी सात उमटला. मग शून्य. मग तीन. पुढचे आकडे उमटेपर्यंत मी थांबलो नाही, कारण ते मला पाठ होते. कापडाने पट्टी कोरडी केली, त्यावर फडकं टाकलं आणि शटर ओढून घेतलं. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

सकाळी फडकं उचललं तेव्हा नंबर तिथेच होता. पट्टी सुकलेली होती तरीही. मी नख फिरवलं. नख आकड्यांच्या कडांना अडकलं. काल ठोकल्यासारखा ताजा नंबर होता, सगळेच्या सगळे आकडे.

४

आता मागचं सांगायला हवं. एकतीस वर्षं मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. हेड फिटर होते अण्णा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, हाताला देवाने दिलेली जादू. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. त्यांच्या धाकट्या बहिणीवर माझं मन होतं आणि तिचं माझ्यावर. हे अण्णांना माहीत नव्हतं.

आमच्याकडे एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ यायचे. बारीक अंगाचे, मवाळ बोलणारे, नखं अगदी तळापर्यंत कापलेली. वर्षानुवर्षं चिमटा धरून त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक चपटं झालं होतं. त्यांच्या मोटरसायकलचं इंजिन आमच्याकडे उघडलेलं होतं, आणि पिस्टन बसवायचं काम माझ्याकडे होतं. पिस्टनमधून एक आडवी पिन जाते. ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं एकेक लॉक असतं, बोटाच्या पेरात मावेल एवढं. ते दर वेळी नवं घालायचं, हा नियम.

डावं लॉक बसलं. उजवं चिमट्यातून उडालं आणि कुठे गेलं कळलं नाही. दोन वाजत आले होते. अण्णांच्या बहिणीला मी अडीचला भेटायचं कबूल केलं होतं. मी जुनं लॉक पुसलं, जरा वाकवलं, आणि तेच घातलं.

आठवड्याने घड्याळवाले आले. गाडी चालू ठेवूनच म्हणाले, "उजवीकडून एक आवाज येतोय. खूप बारीक. ऐका."

मी दुसऱ्या गाडीखाली होतो. तिथूनच ओरडलो, "तुमच्या कानातच घड्याळ आहे!" सगळं वर्कशॉप हसलं. तेही हसले. त्यांचे कान लाल झाले होते, तेवढे मला दिसले. मग ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या उतारावर इंजिन धावता धावता जॅम झालं, मागचं चाक अडकलं आणि ते जागीच गेले.

चौकशीला इन्स्पेक्टर आला. त्याने इंजिन उघडायला लावलं. उजवं लॉक जागेवर नव्हतं. ते इंजिन बांधलं त्या आठवड्यात आम्ही एकाच मापाची दोन इंजिनं बांधली होती, एक अण्णांनी, एक मी, आणि दोन्ही कार्डांवर सही अण्णांची होती. अण्णा पांढरेफटक पडले. माझ्याकडे वळून म्हणाले, "घड्याळवाल्यांचा पिस्टन मी बसवला होता का रे?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

मी म्हणालो, "हो."

अण्णांची नोकरी गेली. त्यांनी पुन्हा कधी पान्याला हात लावला नाही. दूरच्या एका गावात शाळेच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागले, तिथेच एका खोलीत राहिले, लग्न केलं नाही. बहिणीच्या, म्हणजे आमच्या, लग्नाला आले, अक्षता पडल्यावर न जेवता निघून गेले. नंतर ते या घरात कधी आले नाहीत. बायको दरवर्षी बोलावते आणि दरवर्षी चिडते. "माणूस मेला त्याच्या हातून, मान्य," ती म्हणते. "पण म्हणून नातं कशाला मारायचं?"

मी पेपर वाचत असतो.

इंजिन भंगारात गेलं. त्याआधी मालक म्हणाला होता, नंबर घासून टाक, मेलेल्या माणसाचं इंजिन कोणी घेत नाही. कानस मीच मारली होती.

५

दहा-बारा दिवस मी नंबरावरचं फडकं तसंच राहू दिलं, मग डॉक्टरबाईंसाठी कागद लिहिला. 'इंजिन निरनिराळ्या गाड्यांच्या सुट्या भागांतून जोडलेले. मूळ नंबर वाचता येत नाही. ओळख पटत नाही.' खाली सही केली. सही करताना हात थरथरला नाही, याचीच मला नंतर जास्त लाज वाटली.

डॉक्टरबाई दुपारी दवाखाना बंद करून आल्या. नंबरावर मी फडकं गुंडाळून ठेवलं होतं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, पण पिशवीत टाकला नाही.

"मेस्त्री, माझ्याकडे लोक जुन्या कवळ्या घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "सगळे दात खोटे असतात, पण मधेच एखादा खरा, त्यांचाच जुना, बसवलेला असतो. हाताला लगेच कळतं. तुम्हाला एवढ्या वर्षांनी इंजिन कळत नाही?"

"नाही कळलं."

"बरं." त्या टेबलाकडे वळल्या आणि एकदम थांबल्या. मान तिरकी करून वाकल्या, कान अगदी इंजिनाजवळ नेला. मग म्हणाल्या, "उजवीकडून एक आवाज येतोय. खूप बारीक. ऐका."

शब्द न् शब्द तोच. त्यांना त्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्या तेव्हा शाळेतसुद्धा जात नसतील.

मला वाटलं, आता तरी मी गप्प बसेन. पण माझं तोंड उघडलं आणि त्यातून हसरा, तरुण, उर्मट आवाज आला, "तुमच्या कानातच घड्याळ आहे!"

डॉक्टरबाई हसल्या. काय बोलावं ते न सुचून माणूस हसतो तशा. त्यांचे कान लाल झाले.

"कागद राहू दे सध्या," जाताना त्या म्हणाल्या. "एकदा उघडून बघा. मग काय लिहायचं ते लिहा."

त्या गेल्यावर मी स्टुलावर बसून राहिलो. जनाची नाही तरी मनाची म्हणतात. मनाची लाज एकतीस वर्षं मी घरातल्या अडगळीसारखी माळ्यावर टाकली होती. ती आता तिथून खाली उतरून माझ्या तोंडाने बोलत होती.

६

उघडलं दुसऱ्या दिवशी सकाळी. लख्ख ऊन होतं. शटर पूर्ण वर होतं, गल्लीत भाजीवाली ओरडत होती, आत बायकोने रेडिओ लावला होता. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे अंधारात मला काही भास झाला असं कोणाला वाटायला नको.

रात्रभर सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलं होतं, त्याने पिस्टन सैल झाला होता. हेड काढलं. सिलिंडर खालून लाकडाने हलकेच ठोकत वर आणायला लागलो. हे काम खरं तर दोघांचं. एकाने सिलिंडर उचलायचा, दुसऱ्याने समोरून पिस्टन धरायचा. नाही तर सिलिंडर सुटला की पिस्टन मान मोडल्यासारखा एका अंगाला पडतो आणि टक्कन कडेवर आपटतो. एकट्याने करायचं तर खाली चिंध्या कोंबून ठेवतात. मी चिंध्या कोंबायच्या विसरलो होतो.

सिलिंडर वर आला. सुटला. मी दात आवळून 'टक्' ऐकायच्या तयारीत राहिलो.

आवाज आला नाही.

पिस्टन सरळ उभा होता. किंचितही हलत नव्हता. मी सिलिंडर दोन्ही हातांत धरून वाकलेला, तोंड अगदी जवळ. उजव्या बाजूची पिनेची खाच मला समोर दिसत होती, आणि ती रिकामी होती. सिलिंडर दुसरा, पिस्टन दुसरा, कोणी कधी कुठे बसवलेला देव जाणे. तरी डावं लॉक जागेवर आणि उजवं नाही.

कोणीतरी घाईत बांधलं असेल, मी मनाशी म्हटलं. जगात घाई करणारा मी एकटाच नाही.

तेवढ्यात मला पिस्टन उभा का आहे ते दिसलं. त्याच्या मागच्या बाजूने, टेबलाच्या पलीकडून, दोन बोटं त्याला धरून होती. स्वच्छ बोटं. नखं तळापर्यंत कापलेली. मनगटावर पांढऱ्या बाहीची कड दिसली, आणि त्याच्या वर मला बघवलं नाही.

दुसरा हात पुढे आला. त्याच्या तर्जनीचं टोक चपटं होतं आणि त्यात चिमटा होता. चिमट्यात तारेचं एक लॉक होतं, नवंकोरं, आणि तो हात ते माझ्यासमोर धरून थांबला. घाई नव्हती त्याला.

मी मान वर केली नाही. भीतीने नव्हे. भीती वाटली असती तर मी पळालो असतो. मला त्या माणसाला तोंड दाखवायचं नव्हतं, एवढंच. लहान मूल डोळे मिटून घेतं आणि समजतं की आपण कोणाला दिसत नाही, तसा मी त्या रिकाम्या खाचेकडे बघत वाकून राहिलो.

"अहो," खिडकीच्या धुरकट काचेमागून बायकोचा आवाज आला, "दोन चहा आणू ना?"

पिस्टन टक्कन पडला.

७

ती ट्रेमध्ये दोन कप घेऊन आली आणि इकडेतिकडे बघू लागली.

"गेले वाटतं? चहा न घेताच?"

"कोण?"

"मला काय माहीत? काचेतून दोन डोकी दिसली, टेबलावर वाकलेली. तुमचं आणि आणखी एकाचं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला. "काय झालं?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सिलिंडर तसाच हातात. लॉक उडालं ते, जुनं घातलं ते, हसलो ते, आणि अण्णांना 'हो' म्हणालो ते. बोटांचंही सांगितलं. ती बोटांबद्दल एक शब्द बोलली नाही.

तिने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही मला भेटायला आलात तेव्हा हात काळे होते. मी चिडवलं होतं, निदान हात तरी धुवून यायचं म्हणून. ते त्याच कामाचे काळे?"

"हो."

"मी ते हात धरले होते," ती म्हणाली.

मग ती आत गेली, फोन घेऊन आली, शाळेचा नंबर लावला आणि अण्णांना बोलवायला सांगून फोन माझ्या हातात दिला. स्वतः कानाला कान लावून उभी राहिली. एवढ्या जवळ असूनही तिचा हात माझ्या हाताला लागणार नाही याची ती काळजी घेत होती.

"अण्णा," मी म्हणालो, "घड्याळवाल्यांचा पिस्टन तुम्ही बसवला नव्हता. मी बसवला होता. मी खोटं बोललो."

पलीकडे शाळेतल्या पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. अण्णा हळूच हसले. "अरे वेडा की काय तू! मीच बसवला. मला लख्ख आठवतं. डावं लॉक बसलं, उजवं चिमट्यातून उडालं. दोन वाजत आले होते. मी जुनं पुसलं, जरासं वाकवलं आणि घातलं. तू कशाला मनाला लावून घेतोस?"

लॉक उडाल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ता बायकोला सांगितलं तेवढंच.

"अण्णा, हे तुम्हाला कसं माहीत?"

"ते दाखवतात ना," अण्णा म्हणाले. "रोज. सकाळी पोरं वर्गात गेली की येतात, माझ्यासमोर बसतात. आधी आधी मी घाबरायचो. पण रागावत नाहीत रे. नुसतं हाताने करून दाखवतात, असं झालं, मग असं झालं. मी बघतो आणि म्हणतो, हो, चुकलं माझं. मग जातात." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "पण पंधरा दिवस झाले, आलेच नाहीत. खुर्ची मांडून बसतो. मन लागत नाही. तुझ्याकडे आलेत का रे?"

इंजिन माझ्या टेबलावर येऊन पंधरा दिवस झाले होते.

"आलेत," मी म्हणालो.

"मग परत पाठव त्यांना. पत्ता चुकले असतील."

आणि आता जे सांगतो ते सांगताना मान खाली जाते. क्षणभर, बायकोचा कान माझ्या कानाला लागलेला असताना, मला वाटलं, पाठवावं. अण्णा स्वतः मागताहेत. त्यांना सवय झाली आहे. कोणाचंच नुकसान नाही. तोंडात शब्द तयारसुद्धा झाला होता.

बायको बाजूला झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "पत्ता चुकलेला नाही. उलट इतकी वर्षं चुकला होता."

पोरांचा कलकलाट थांबला. घंटा झाली असावी. मग त्यांनी अगदी साधेपणाने, कामातलं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "मग मी काय केलं रे एवढी वर्षं?"

८

बायको दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अण्णांकडे गेली. बॅगेत चार साड्या भरल्या, म्हणजे लवकर परतायचा विचार नव्हता. दारात म्हणाली, "गॅस बंद करत जा." बाकी काही नाही.

मी डॉक्टरबाईंचा कागद फाडला आणि नवा लिहिला. इंजिन कुठलं, नंबर काय, कोणाच्या गाडीचं, ते गृहस्थ कसे गेले, पिस्टन कोणी बसवला, नंबर कोणी घासला. पान दोन्ही बाजूंनी भरलं. डॉक्टरबाई दवाखान्यात उभ्यानेच वाचत होत्या, तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबत होता. वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात धुतले.

"त्यांच्या घरी कोणी आहे?" त्यांनी विचारलं.

"बायको होती. त्याही दहा वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं."

"म्हणजे हे वाचायला मीच." त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. "चासी मी घेऊन जाते. इंजिन तुमच्याकडे राहू दे. मी दुसऱ्याच्या तोंडातला दात बसवत नाही, मेस्त्री."

पुढच्या वेळी दिसल्या तेव्हा त्या रस्त्याच्या पलीकडून गेल्या. गल्लीत कोणाला काय सांगितलं माहीत नाही. बहुधा काहीच नाही. तरी मी पानवाल्याकडे उभा राहिलो की मला वाटतं, सगळे नुकतेच बोलायचे थांबले आहेत.

पाचव्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. मी टेबलापाशीच बसलो होतो.

"अण्णा काल दुपारी झोपला," ती म्हणाली. "शाळेतले शिपाई म्हणाले, एवढ्या वर्षांत त्याला दिवसा झोपलेलं आम्ही पाहिलं नाही. उठल्यावर जेवला पोटभर."

"बरं झालं."

"काय बरं झालं? जेवून झाल्यावर रडायला लागला. म्हणतो, लग्न केलं नाही, कोणाच्या दारात गेलो नाही, हाताला येत होतं ते सोडलं. सगळं ज्याच्यापायी सोडलं ते माझं नव्हतंच. आता माझं म्हणून काय आहे ते सांग. मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतंय का?"

एकतीस वर्षांपूर्वी मी त्यांचं आयुष्य नेलं होतं. आता त्यांच्या त्या पोकळ जागेत जी एक गोष्ट उरली होती, त्यांचा तो गुन्हा, तीही मी काढून नेली होती. खरं बोललो होतो, आणि पुन्हा चोरच ठरलो होतो.

"सकाळी अजून खुर्ची मांडतो," ती म्हणाली. "मग काढून ठेवतो. मला बघवत नाही."

"तू कधी येणार आहेस?"

दुरून कोणीतरी तिला हाक मारली, अण्णाच असतील. ती "आले" म्हणाली आणि मग, इतक्या वर्षांची सवय अशी एका दिवसात जात नाही म्हणून, तिने विचारलं, "काही खाल्लंत का? एकटेच आहात ना तिकडे?"

टेबलाच्या पलीकडच्या कडेवर पांढऱ्या बाहीची कड होती. मी अजून मान वर केलेली नव्हती.

"नाही," मी म्हणालो.